म्हातारं मांजर रात्रभर का ओरडतं? ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याआधी हे वाचा

रात्रीचे अडीच वाजलेले. घर शांत. आणि मग पॅसेजमधून एक लांबलचक, घोगरा आवाज येतो. भुकेचं नेहमीचं ‘म्याव’ नाही, लाडाचंही नाही. कोणीतरी हेल काढून हाका मारत फिरतंय, असा. दिवा लावून बघावं तर घरातलं तेरा-चौदा वर्षांचं मांजर भिंतीकडे तोंड करून उभं असतं. नावानं हाक मारली की गप्प होतं, पायाशी येतं. दिवा बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा सुरू.

ज्यांच्या घरात मांजर म्हातारं झालंय, त्यांना हा प्रसंग नवा नाही. त्यावरची मतंही ठरलेली. घरातली मोठी माणसं म्हणतात, “रात्री मांजर रडणं चांगलं नाही, काहीतरी वाईट घडणार.” शेजारी सुचवतात, “रात्रीचं बाहेर सोडून देत जा.” आणि मांजर पाळणारे स्वतःची समजूत घालतात, “वय झालंय आता, चालायचंच.”

यातली शेवटची समजूत मांजराला सगळ्यात महागात पडते. कारण म्हातारपणी अचानक वाढलेलं ओरडणं हे बऱ्याचदा थायरॉइड, रक्तदाब, मूत्रपिंड, सांधेदुखी किंवा स्मृतिभ्रंश यांपैकी एखाद्या दुखण्याचं लक्षण असतं. यातली काही दुखणी रोजच्या गोळीनं आटोक्यात येतात. पण त्यासाठी आधी कोणाला तरी ती शोधावी लागतात.

मांजर ‘म्हातारं’ कधी होतं?

साधारण दहा वर्षं ओलांडलेलं मांजर ज्येष्ठ मानलं जातं. माणसाच्या वयाशी ढोबळ तुलना करायची तर १० वर्षांचं मांजर साधारण ५६ वर्षांच्या माणसासारखं, १५ वर्षांचं ७६ वर्षांच्या आणि २० वर्षांचं ९६ वर्षांच्या माणसासारखं असतं. अमेरिकेतल्या टेक्सासमधली ‘क्रीम पफ’ नावाची मांजर तर २००५ साली मेली तेव्हा ३८ वर्षांची होती. गिनीज बुकात सर्वांत दीर्घायुषी मांजर म्हणून तिची नोंद आहे.

आत-बाहेर करणारी मांजरं कुत्र्यांच्या, गाड्यांच्या किंवा संसर्गाच्या तडाख्यात सापडतात आणि फार वर्षं जगत नाहीत. फ्लॅटमध्ये राहणारी, लसी घेतलेली, वेळेवर खाणं मिळणारी मांजरं मात्र पंधरा वर्षांपर्यंत सहज पोहोचतात. त्यामुळे लहानपणापासून मांजरांसोबत वाढलेल्या अनेकांनाही मांजराचं म्हातारपण पहिल्यांदाच बघायला मिळतं, आणि त्यात काय नेहमीचं व काय आजाराचं हे कळत नाही.

मांजर नेमकं कोणाशी बोलतं?

पिल्लू आईला बोलावण्यासाठी म्याव करतं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी मात्र फारसं म्याव करत नाहीत. त्यांचा आपसातला कारभार शेपटी, कान, वास आणि अंग घासणं यांवर चालतो. भांडणातलं गुरकावणं आणि माजावरचं ओरडणं सोडलं, तर ‘म्याव’ हे मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेलं असतं.

मिल्ड्रेड मोल्क या अभ्यासकांनी १९४४ साली मांजरांच्या आवाजांचे १६ प्रकार नोंदवले होते. २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खाणं मागताना काही मांजरं आपल्या घुरघुरण्यात एक बारीक, रडल्यासारखा आवाज मिसळतात. त्याची कंपनं तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्ट्यात येतात. मांजर कधीही न पाळलेल्या माणसांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला.

म्हणजे घरातल्या माणसाला आवाज देऊन काम होतं, हे मांजर आयुष्यभर शिकलेलं असतं. म्हातारपणी काही दुखलं, दिसेनासं झालं, भीती वाटली, तरी ते तेच करतं. फक्त त्या वेळी काय झालंय हे त्याला सांगता येत नाही.

‘जास्त’ ओरडणं म्हणजे किती?

याचं ठरलेलं माप नाही. सयामीसारख्या जाती जन्मभर बडबड्या असतात, तर काही गावठी मांजरं वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत. म्हणून दुसऱ्या मांजराशी तुलना करून उपयोग नाही. तुलना त्याच मांजराच्या दोन वर्षांपूर्वीच्या सवयींशी करायची. पुढचे चार प्रश्न विचारले की चित्र बरंच स्पष्ट होतं.

• कधी? दिवसभर, फक्त रात्री, खाण्याआधी, की लघवी-शी करताना?
• कुठे? रिकाम्या खोलीत, पाण्याच्या वाटीजवळ, बंद दारासमोर, की वाळूच्या पेटीत?
• कशानं थांबतं? खाणं दिल्यावर, जवळ घेतल्यावर, दिवा लावल्यावर, की कशानंच नाही?
• बरोबर आणखी काय बदललं? भूक, तहान, वजन, उडी मारणं, झोप, स्वभाव?

खाणं मिळाल्यावर थांबणारं आणि माणूस दिसताच थांबणारं ओरडणं, ही दोन वेगळी लक्षणं आहेत. पुढे डॉक्टरांना हेच सगळ्यात उपयोगी पडतं.

शरीरातली कारणं

थायरॉइड वाढणं. मानेतल्या थायरॉइड ग्रंथीत गाठ वाढते (ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते) आणि संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागतं. दहा वर्षांपुढच्या मांजरांमध्ये हा आजार बराच आढळतो. शरीराचं इंजिन सतत वरच्या गिअरमध्ये चालल्यासारखं होतं. मांजर अस्वस्थ असतं, येरझाऱ्या घालतं, ओरडतं, आणि सारखं खायला मागतं. इथेच घरातले फसतात. म्हातारं मांजर पोटभर खातंय, जिन्यावर धावतंय, म्हणजे तब्येत छान आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते खात असूनही वाळत असतं. सोबत उलट्या, पातळ शी, वाढलेली तहान आणि विस्कटलेले केसही दिसू शकतात. रक्तातल्या ‘टी-फोर’च्या तपासणीतून निदान होतं. मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोलच्या गोळ्यांनी आजार आटोक्यात ठेवता येतो. मात्र उपचार सुरू झाल्यावर मूत्रपिंडाचा आतापर्यंत झाकलेला आजार वर येऊ शकतो, म्हणून काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावं लागतं.

रक्तदाब. मांजरालाही बीपी असतं आणि पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून ते मोजता येतं. वरचा आकडा सतत १६० किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब धरला जातो. बहुतेक वेळा त्यामागे मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार असतो. वाढलेला दाब मेंदू आणि डोळ्यांवर आघात करतो. डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहणं, भिंतीला धडकणं, आणि घाबरून ओरडणं ही त्याची खूण. माणसांना दिली जाणारी अम्लोडिपिन ही गोळी मांजरांनाही देतात, पण अगदी कमी मात्रेत आणि डॉक्टरांनी मोजून दिलेली.

मूत्रपिंडाचा जुना आजार. म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या दुखण्यांपैकी हे एक. मांजर पाण्याच्या वाटीजवळ जास्त दिसू लागतं, वाळूतले लघवीचे गोळे मोठे होतात, भूक कमी होते, तोंडाला वास येतो. मळमळ, तहान आणि अशक्तपणा यांमुळे ते ओरडतं. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही, पण योग्य आहार आणि औषधांनी पुढची घसरण लांबवता येते. बोंबील, सुकट यांसारखी खारवलेली मासळी रोज खाणाऱ्या मांजराचा आहार इथे बदलावाच लागतो. मधुमेहातही तहान, लघवी वाढणं आणि वजन घटणं हीच लक्षणं दिसतात, त्यामुळे साखर सोबतच तपासली जाते.

सांधे आणि दात. २००२ साली अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे अभ्यासले गेले, तेव्हा त्यातल्या ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. तरी लंगडणारं म्हातारं मांजर क्वचितच दिसतं, कारण मांजर लंगडत नाही, ते हालचालच कमी करतं. खिडकीत चढणं सोडतं. पलंगावर थेट उडी मारण्याऐवजी आधी स्टुलावर थांबतं. पाठीमागचे केस चाटून साफ करता न आल्यानं तिथे गुंता होतो. पेटीची कड ओलांडताना दुखतं म्हणून शेजारी फरशीवर लघवी करतं. आणि उठताना, उतरताना किंवा कोणी कमरेला हात लावला की ओरडतं. दातदुखीतही असंच: वाटीपाशी जातं, वास घेतं, ओरडतं आणि न खाता परत फिरतं.

कान आणि डोळे. ऐकू कमी येणारं मांजर मोठ्यानं ओरडतं, कारण स्वतःचा आवाज किती चढलाय हे त्याला कळत नाही. दृष्टी कमी झालेलं मांजर दिवसा सवयीनं निभावून नेतं, पण अंधारात त्याचा आधार तुटतो. इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि घर बदलावं लागलं, की अशा मांजरांचं ओरडणं एकदम वाढतं. जुन्या घराचा पाठ झालेला नकाशा नव्या घरात चालत नाही.

माज. नसबंदी न केलेली मांजरी म्हातारपणीही माजावर येऊ शकते. माणसांसारखी रजोनिवृत्ती मांजरांमध्ये नसते. अशा मांजरीला गर्भाशयात पू होण्याचा धोकाही असतो, त्यामुळे वय जास्त आहे म्हणून हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही.

मेंदूचं म्हातारपण: मांजरांचा स्मृतिभ्रंश

वरच्या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या आणि तरीही मांजर रात्री भरकटत ओरडत असेल, तर डॉक्टर ज्याचा विचार करतात तो हा आजार. माणसांच्या अल्झायमरशी त्याचं बरंच साम्य आहे. म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूतही बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचलेलं आढळतं. एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेलेल्या २५ मांजरांचे मेंदू तपासले. म्हाताऱ्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या मांजरांमध्ये हे प्रथिन मेंदूच्या पेशी एकमेकींशी जिथे जोडलेल्या असतात, त्या सांध्यांमध्येच साचल्याचं दिसलं.

हा प्रकार दुर्मीळ नाही. एका बहुचर्चित पाहणीत ११ ते १४ वर्षांच्या २८ टक्के मांजरांमध्ये वयाशी जोडलेला किमान एक वर्तनबदल आढळला. १५ वर्षांपुढे हे प्रमाण ५० टक्के होतं. आणि या सर्वांत वयस्कर गटात सगळ्यात जास्त दिसणारे बदल दोन होते: उगाच फिरत राहणं आणि खूप ओरडणं.

ओळखायच्या खुणा अशा:

• ओळखीच्या घरात हरवल्यासारखं वागणं, कोपऱ्यात अडकणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहणं
• माणसांशी वागणं बदलणं: एकदम चिकटून राहणं किंवा एकदम तोडून वागणं
• दिवसा झोप, रात्री जाग
• पेटी सोडून भलतीकडे घाण करणं
• खेळणं, चाटणं कमी होणं किंवा येरझाऱ्या वाढणं
• विनाकारण घाबरणं
• नुकतंच खाल्लेलं विसरून पुन्हा मागणं

या आजाराची एकच अशी तपासणी नाही. बाकीची कारणं वगळूनच निदान होतं. एकाच मांजराला सांधेदुखी, बीपी आणि स्मृतिभ्रंश हे तिन्ही असू शकतात. म्हणून ‘डोकं फिरलंय त्याचं’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा, सुरुवातीला नाही.

काही ओरडणं माणसांनीच शिकवलेलं असतं

पहाटे तीनला मांजर ओरडलं. उठून कोणीतरी मूठभर खाणं टाकलं. मांजर गप्प झालं, माणूस झोपला. दोघांचंही काम झालं. मांजरानं यातून धडा घेतला: तीन वाजता ओरडलं की वाटी भरते.

पुढे कोणी ठरवतं, की आता उठायचं नाही. चार रात्री कळ काढली जाते, पाचव्या रात्री शेजारी दार वाजवतात म्हणून पुन्हा खाणं दिलं जातं. यानं सवय मोडत नाही, उलट घट्ट होते. पुरेसा वेळ ओरडलं की शेवटी मिळतंच, हे मांजर शिकतं. शिवाय दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस ओरडणं कमी होण्याऐवजी वाढतं. हे माहीत नसेल तर बहुतेक जण नेमके तिथेच हार मानतात.

दुर्लक्षाचा उपाय मात्र फक्त निरोगी मांजरासाठी आहे. दुखतंय म्हणून किंवा हरवल्यासारखं वाटतंय म्हणून ओरडणाऱ्या मांजराकडे दुर्लक्ष केलं तर त्याची भीती वाढते आणि आजार तसाच राहतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी तपासणी, मग सवयीवर काम.

सोबतचं मांजर मरणं, घरातलं माणूस शिकायला किंवा नोकरीला दूर जाणं, घरात बाळ येणं, दिवाळीतले फटाके, यांमुळेही काही दिवस ओरडणं वाढू शकतं. काही आठवड्यांत ते उतरलं नाही तर दवाखाना गाठावा.

या वेळी सकाळची वाट बघू नये

• बोका पेटीत पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाही. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.
• मागचे पाय अचानक लुळे आणि थंड पडलेत, मांजर वेदनेनं किंचाळतंय. रक्ताची गुठळी अडकल्याची ही खूण असते.
• एकाएकी दिसेनासं झालंय, बाहुल्या मोठ्या आहेत.
• तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय.
• चोवीस तास काहीही खाल्लेलं नाही.
• नसबंदी न केलेली मांजरी मलूल आहे, खूप पाणी पितेय, मागून स्राव येतोय.

दवाखान्यात जाताना काय न्यावं?

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. दवाखान्याच्या टेबलावर मांजर घाबरून गप्प बसतं, आणि रात्री घरात होणारा प्रकार डॉक्टरांना दिसतच नाही. अर्ध्या मिनिटाचं ओरडणं, चालताना आणि उडी मारतानाचं एकेक चित्रण, एवढं पुरे. सोबत आठवडाभराची साधी नोंद: किती वाजता, कुठे, किती वेळ, कशानं थांबलं.

वजनही घरी करता येतं. आधी माणसानं एकट्यानं काट्यावर उभं राहायचं, मग मांजर कडेवर घेऊन, आणि फरक काढायचा. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटलं तर ते डोळ्यांना जाणवत नाही. पण ६० किलोच्या माणसाचं ६ किलो वजन उतरण्याइतकी ती घट आहे.

म्हाताऱ्या मांजराच्या ओरडण्यासाठी साधारण या तपासण्या विचाराव्यात: रक्ताची संपूर्ण तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि ‘एसडीएमए’, साखर, थायरॉइडचा टी-फोर, लघवी, रक्तदाब, डोळ्यांचा पडदा, दात आणि सांधे. मांजराचा रक्तदाब मोजायचं उपकरण प्रत्येक दवाखान्यात नसतं, त्यामुळे फोन करून विचारलेलं बरं. खासगी दवाखान्यात हे जमत नसेल तर महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही विचारता येतं. दहा वर्षांनंतर ओरडणं नसलं तरी दर सहा महिन्यांनी एक तपासणी करून घेणं चांगलं.

घरात काय बदलता येतं?

संध्याकाळचं वेळापत्रक. मांजर स्वभावतः पहाटे आणि संध्याकाळी जास्त जागं असतं. झोपण्याआधी दहा मिनिटं दोरीनं, चेंडूनं झेपेल तेवढं खेळवायचं आणि त्यानंतर दिवसातलं शेवटचं पोटभर खाणं द्यायचं. शिकार, जेवण, झोप या क्रमाशी हे जुळतं. दिवसा सलग झोपून राहणाऱ्या मांजराला अधूनमधून हळुवार उठवावं, खिडकीत बसवावं.

पहाटेचं खाणं यंत्रावर सोपवणं. वेळ लावून उघडणारी वाटी मिळते. ती पहाटे चारला उघडली की मांजर वाटीपाशी जाऊन बसतं, माणसाच्या उशीपाशी नाही.

अंधार कमी करणं. पॅसेजमध्ये, वाटीपाशी आणि पेटीपाशी मंद दिवा ठेवला की दृष्टी किंवा स्मरण कमी झालेल्या मांजराचा गोंधळ बराच कमी होतो. खर्चाच्या मानानं हा सगळ्यात गुणकारी उपाय आहे. फर्निचर, वाट्या आणि पेटी यांच्या जागा शक्यतो बदलू नयेत.

रात्रीची छोटी खोली. मोठ्या घरात मांजर भरकटत असेल तर रात्री त्याला एका खोलीत ठेवावं. तिथे पाणी, पेटी, अंथरूण आणि घरातल्या माणसाचा वापरलेला, वास असलेला कपडा. ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःच्याच खोलीत घ्यावं. माणूस जवळ असल्याचं कळलं की अनेक मांजरं शांत होतात.

ऊब आणि सोय. दुखऱ्या सांध्यांना थंड फरशी सोसत नाही. जुन्या गोधडीच्या दोन-तीन घड्या, वाऱ्यापासून दूर कोपऱ्यात, एवढंही पुरतं. कमी उंचीच्या कडेची पेटी, पलंगाशेजारी स्टूल किंवा उतरती फळी, आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावं.

औषधं. वेदनेसाठी आणि अस्वस्थतेसाठी गॅबापेंटिन, झोपेचं चक्र लागावं म्हणून मेलाटोनिन, स्मृतिभ्रंशात सेलेजिलिन, असे पर्याय डॉक्टर वापरतात. स्मृतिभ्रंश यांनी बरा होत नाही, पण रात्री शांत होऊ शकतात. कुत्र्यांसाठीची ‘मेंदूची’ सप्लिमेंट मांजराला कधीही देऊ नयेत. त्यातल्या काहींमध्ये अल्फा-लायपोइक आम्ल असतं, आणि ते मांजरांना विषारी ठरतं.

हे करू नये

• पॅरासिटामॉल देणं. तापाची आणि अंगदुखीची ही साधी गोळी मांजराचं यकृत पचवू शकत नाही. एकच गोळी जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनसारखी इतर वेदनाशामकंही माणसांची म्हणून माणसांपुरतीच ठेवावीत.
• झोप यावी म्हणून घरातल्या कोणाची झोपेची गोळी देणं. यकृत-मूत्रपिंड थकलेल्या मांजरासाठी हे धोक्याचं आहे.
• मारणं, ओरडणं, पाणी उडवणं. घाबरलेलं मांजर आणखी घाबरतं. बहिऱ्या मांजराला तर शिक्षा कशाची हेच कळत नाही.
• गप्प करायला दूध देणं. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. जुलाब झाले की म्हाताऱ्या शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं.
• रात्री बाहेर काढणं किंवा मासळी बाजारात नेऊन सोडणं. आयुष्यभर घरात राहिलेलं, कमी दिसणारं-ऐकणारं मांजर बाहेर टिकत नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हाही आहे.

शेजारी, सोसायटी आणि घरातल्यांची झोप

चाळीत किंवा फ्लॅटमध्ये मांजराचा रात्रीचा आवाज भिंतीपलीकडे जातोच. तक्रार येण्याआधी स्वतःहून जाऊन सांगितलेलं केव्हाही बरं: मांजर म्हातारं आहे, आजारी आहे, उपचार सुरू आहेत. कारण कळलं की बऱ्याच जणांचा सूर बदलतो. रात्री जिन्याकडच्या आणि डक्टच्या खिडक्या बंद ठेवल्या, मांजराची जागा शेजारच्यांच्या बेडरूमच्या भिंतीपासून हलवली, तरी फरक पडतो. सोसायटीला पाळीव प्राणी ठेवण्यावरच बंदी घालता येत नाही, असं केंद्र सरकारच्या प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण नियम दाखवून शेजाऱ्याची झोप परत येत नाही, त्यामुळे बोलून वाट काढणं सोयीचं.

घरातल्यांची झोप हाही छोटा प्रश्न नाही. महिनोन् महिने तुटक झोप मिळाली की ज्या मांजरावर जीव होता त्याचाच राग येऊ लागतो आणि मग त्या रागाचं वाईट वाटतं. रात्री वाटून घेणं, आठवड्यातून दोन रात्री एकानं दुसऱ्या खोलीत कानात बोळे घालून झोपणं, यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. माणूस थकला की औषधाच्या वेळा चुकतात, आणि त्याचा त्रास शेवटी मांजरालाच होतो.

उपाय संपत आले तर?

काही वेळा सगळं करूनही ओरडणं थांबत नाही. तेव्हा प्रश्न आवाजाचा राहत नाही, मांजर कसं जगतंय याचा होतो. ते स्वतःहून खातं का? वेदना औषधांनी आटोक्यात आहेत का? अंग स्वच्छ ठेवता येतं का? ऊन, कुशी, आवडतं खाणं यांत त्याला अजून रस आहे का? चांगले दिवस जास्त आहेत की वाईट? कॅलेंडरवर रोज एक खूण करत गेलं तर महिन्याभरात उत्तर दिसू लागतं. वाईट दिवसच उरले असतील तर वेदनारहित मृत्यूबद्दल डॉक्टरांशी बोलणं हा त्या मांजराची काळजी घेण्याचाच भाग आहे. आणि तो निर्णय रात्री तीन वाजता, झोपमोडीच्या चिडचिडीत घ्यायचा नसतो.

बहुतेक घरांत मात्र गोष्ट इथवर येण्याआधीच खूप काही करण्यासारखं असतं. थायरॉइडची गोळी सुरू झाली, बीपी उतरलं, सांध्यांना ऊब मिळाली, पॅसेजमध्ये दिवा लागला, की अनेक मांजरांची रात्र पुन्हा शांत होते. सुरुवात अवघड नाही. आज रात्री ओरडणं सुरू झालं की अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, सकाळी मांजराचं वजन करायचं, आणि दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जायचं.